कापडाने भागतं, असं मी म्हणायचे

छाती मोठी करून घेण्याचं ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, हे माझं कित्येक वर्षांचं ठाम मत होतं. कॅन्सरमध्ये एक बाजू काढलेल्या बाईने ती पुन्हा बनवून घ्यावी, हेही मला मनातून पटत नसे. जीव वाचला ना, मग बाकीचं कापडाने भागतं, असं मी म्हणायचे. तसं म्हणायचा मला अधिकार आहे असंही वाटायचं, कारण ते कापड शिवणारी मीच होते. आज माझं ते मत राहिलेलं नाही. कसं बदललं ते सविस्तर लिहायला बसले आहे, कारण माझ्यासारखं बोलणाऱ्या बायका आजूबाजूला पुष्कळ आहेत आणि त्यांच्या शब्दाला घरात वजन असतं.

परळला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर माझा ब्लाउज शिवायचा गाळा आहे. ८२ सालच्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली तेव्हा आईने शिलाई मशीन घेतलं. पुढे ते माझ्याकडे आलं. गाळ्यातून बाहेर पडलं की चालत जाण्याच्या अंतरावर केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालयं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या आणि त्यानंतर दहा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय सुरू झालं. आमच्या भागातल्या माणसाला ‘टाटाला लागलीय’ एवढं सांगितलं की पुढे विचारावं लागत नाही. विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेल्या बायका कुणी नातेवाइकांकडे, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, कुणी फुटपाथवर राहून उपचार घेतात. त्यातल्या काही जणी आणि लालबाग, काळाचौकी, शिवडीतल्या आमच्या नेहमीच्या बायका यांच्यामुळे मी हे वेगळं शिवण शिकले. केईएममधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर माझ्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. पहिल्यांदा अशी बाई त्यांनीच माझ्याकडे पाठवली.

एक बाजू काढलेल्या बाईचं माप नेहमीसारखी छातीभोवती टेप फिरवून घेता येत नाही. टेपवर जो आकडा येतो तो दोन्ही बाजूंचा मिळून, आणि तो निम्मा केला तर ब्लाउज एकीकडे आवळतो आणि दुसरीकडे झोळ पडतो. म्हणून मी गळ्याच्या मध्यापासून बगलेच्या शिवणीपर्यंत डावं आणि उजवं माप वेगवेगळं घेते. चांगल्या बाजूला कटोरी, दुसऱ्या बाजूला अस्तराच्या आत मऊ सुती कापडाचा खिसा, पॅड सरकू नये म्हणून. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात त्या हाताला कधीकधी सूज येते, ती दिवस कलेल तशी वाढते. त्या बाहीला मी दुप्पट माया सोडते आणि मुंढा जरा खोल घेते. हुक नेहमी पुढेच, कारण हात मागे जात नाही. गळा दोन बोटं वर. आणि पॅड नुसत्या स्पंजचं असलं तर हात वर केला की तेही वर चढतं, गाडीत कडी धरली की सगळ्यांना दिसतं. म्हणून कापडी पिशवीत मोहरी भरायची. मोहरीला वजन असतं, ती जागेवर राहते आणि खांदाही एका बाजूला उचलला जात नाही. बाजारात सिलिकॉनची पॅडं मिळतात, ती दिसायला उत्तम, पण महाग, आणि आमच्या दमट हवेत त्यांच्याखाली घामोळं येतं. सायशा इंडिया फाउंडेशनसारख्या संस्था सुती धाग्याने विणलेली हलकी स्तनं मोफत देतात. ती त्वचेला टोचत नाहीत. ऑपरेशननंतर लगेच वापरायला त्यांच्याइतकं चांगलं मी काही पाहिलेलं नाही.

हे सगळं मन लावून केलं. बायका ट्रायलला आरशासमोर उभ्या राहायच्या, पदर घ्यायच्या, काढायच्या, पुन्हा घ्यायच्या. ‘कळत नाही हो अजिबात’ म्हणायच्या. मला वाटायचं, झालं. आता यापुढे ऑपरेशन करून घ्यायचं म्हणजे दाखवायची हौस.

काळाचौकीच्या एका वहिनींनी हे मत हलवलं. वय चाळिशीतलं, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या. केमो झाली, शेक, म्हणजे रेडिएशन, झाला, केस परत आले. माझ्याकडून सहा ब्लाउज शिवून नेले आणि काही महिन्यांनी येऊन म्हणाल्या, की मी बाजू बनवून घ्यायचं ठरवलंय, डॉक्टरांशी बोलणं झालंय. मी नेहमीचं बोलले. वहिनी, एवढं सोसलंत, आता पुन्हा कशाला अंगाला सुरी लावून घेता, ब्लाउजमध्ये कुणाला काही कळतं का. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ताई, तुमचा ब्लाउज लोकांसाठी आहे. तो मी घराबाहेर पडताना घालते. आंघोळीला मी काय घालू?’

त्यावर मी काही बोलू शकले नाही. दिवसभर तेच डोक्यात राहिलं. दाखवण्यासाठी काय होतं, तर मी शिवलेलं पॅड. ऑफिसात, लग्नात, हळदीकुंकवाला कुणाला कळू नये म्हणून. आणि त्या जे मागत होत्या ते कुणाला दिसणारही नव्हतं. ते बंद दाराआड त्यांचं त्यांना हवं होतं. मी इतकी वर्षं नेमकं उलटं धरून चालले होते.

त्यांचं ऑपरेशन झालं. पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढून छातीवर नेली आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडली. लांबलचक ऑपरेशन, कित्येक तास चालतं, आणि पहिले काही दिवस त्या मांसाला रक्त पोचतंय की नाही हे सिस्टर रात्रंदिवस तपासत राहतात. बऱ्याच महिन्यांनी त्या मापाला आल्या. पोटावर एका कमरेपासून दुसरीपर्यंत आडवी शिवण होती. नवी बाजू जुनीसारखी हुबेहूब नव्हती. जरा वर बसलेली, बोंडाशिवाय, मधल्या कातडीचा रंग थोडा वेगळा. हात लावला तर वरवर फारसं कळत नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मी सवयीने डावं-उजवं वेगळं माप घेतलं. दोन्हींत जेमतेम अर्ध्या इंचाचा फरक. ‘खिसा नको हं ताई,’ त्या म्हणाल्या. ‘आणि या खेपेला गळा मोठा घ्या.’ मी मागे तो मुद्दाम वर घेत असे. मोठा गळा त्यांनी आधी कधी मागितला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी सिस्टरांच्या मागे लागले. मला सगळं समजून घ्यायचं होतं. त्यांनी सांगितलं त्यातल्या पुष्कळ गोष्टी माझ्या गिऱ्हाइकांना कुणी सांगितलेल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट ही की गाठ लहान असताना सापडली तर बहुतेक वेळा सगळी बाजू काढावीच लागत नाही. गाठ आणि भोवतीचा भाग काढून शेक देतात. लवकर सापडलेल्या गाठीत अशा बायका अख्खी बाजू काढलेल्यांइतक्याच जगतात, हे अमेरिका आणि इटलीतल्या मोठ्या चाचण्यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिलं. आमच्या टाटाच्याच डॉक्टरांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये वीस वर्षं अभ्यास केला. दीड लाखाच्या वर बायका त्यात होत्या. मशीन नाही, काही नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासायच्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये अशा कितीतरी, ज्यांना गाठ लागली होती वर्षभर आधी आणि लाजेपोटी घरात बोलल्या नव्हत्या. सुनेला कसं सांगायचं, मुलाला कसं सांगायचं. जी लाज गाठ लपवायला लावते तीच लाज पुढे डॉक्टरांना ‘मला परत बनवून मिळेल का’ हे विचारू देत नाही. त्या लाजेत माझ्यासारख्यांच्या ‘कापडाने भागतं’चा वाटा आहे, असं आता मला वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. बाजू काढायच्याच ऑपरेशनमध्ये ती बनवताही येते, किंवा नंतर, महिन्यांनी, वर्षांनीही. पण आधी विचारलं तर डॉक्टर वरची कातडी राखून ठेवू शकतात आणि पुढचं काम सोपं होतं. पुढे शेक द्यायचा असला तर पद्धत बदलते, कारण शेकलेल्या कातडीखाली सिलिकॉनची पिशवी, म्हणजे इम्प्लांट, नीट बसत नाही, आकसते, कधी जखम उघडते. अशा बाईला पाठीचं किंवा पोटाचं स्वतःचं मांस जास्त मानवतं. मधुमेह असेल, तंबाखू-मिश्री असेल तर जखम भरायला त्रास होतो. आपल्याकडच्या बायकांना मिश्रीचं कुणी विचारत नाही आणि त्या आपणहून सांगत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आणि बाजू बनवून घेतल्याने कॅन्सर परत येतो, हा समज खोटा आहे. तो मीही पसरवलेला आहे.

इम्प्लांटच्या पद्धतीत आधी कधीकधी एक रिकामी पिशवी छातीच्या स्नायूखाली ठेवतात आणि दर काही दिवसांनी सुईने त्यात मिठाचं पाणी भरत कातडी हळूहळू ताणतात, मग कायमचं इम्प्लांट घालतात. नुसती छाती मोठी करायच्या ऑपरेशनमध्ये हा टप्पा लागत नाही. तिथे स्तनाच्या खालच्या घडीत, बोंडाच्या कडेने किंवा काखेतून छेद घेतात, स्तनाच्या ग्रंथीमागे किंवा स्नायूमागे जागा करतात आणि इम्प्लांट सरकवतात. पूर्ण भूल, एक-दोन तासांचं काम. पोटाची चरबी काढून तीच छातीत भरायची अशीही रीत आहे, पण त्यातली बरीचशी शरीर शोषून घेतं, म्हणून फार मोठा फरक होत नाही. कॅन्सरच्या बाईचं आणि हौशीने करून घेणारीचं इम्प्लांट एकच असतं. मला हे आधी माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात ती दोन वेगळी दुकानं होती.

पुढे वाचत गेले तसं दिसलं की मुळातच ती वेगळी नव्हती. १८९५ साली जर्मनीत हायडलबर्गला विन्सेन्झ चेर्नी नावाच्या सर्जननी एका बाईच्या स्तनातली गाठ काढली. खड्डा पडला. तिच्याच अंगावर चरबीची एक साधी गाठ होती, ती काढून त्यांनी त्या जागी बसवली. स्तन मोठा करण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे तिथूनच सुरुवात करतात. म्हणजे सुरुवात झाली ती नटव्या हौसेतून नव्हे, आजाराने गेलेलं भरून काढण्यातून.

आणि आपल्या महाराष्ट्राला तर हे नवं नसावं. १७९३च्या सुमाराची पुण्याची गोष्ट आहे. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभर तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळच्या एका कुंभार वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी सोडवून, भुवयांच्या मध्ये तिचा देठ तसाच जोडलेला ठेवून, ती खाली वळवून नाक बनवलं. ही हकिकत चित्रासकट १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि ती वाचून विलायतेतले सर्जन हे शिकले. रक्ताचा देठ न तोडता एका जागची कातडी दुसरीकडे न्यायची, हीच युक्ती पाठीचं मांस छातीवर फिरवताना आजही वापरतात. कावसजी नाकाशिवाय जगत होता, श्वास घेत होता, कामही करत असेल. त्याला नाक हवंसं वाटलं तर ती गोष्ट आपण शाळेतल्या मुलांना अभिमानाने सांगतो. काळाचौकीच्या वहिनींना मात्र मी म्हणाले, आता कशाला.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की नट्यांचे ओठ आठवायचे, हीही माझी सवय. मी राहते तिथून हाकेच्या अंतरावर केईएममध्ये डॉ. चार्ल्स पिंटो बाळांचे फाटलेले ओठ शिवत होते. भायखळ्याला जेजेमध्ये डॉ. नोशीर अँटिया यांनी टाटांच्या मदतीने विभाग उभा केला आणि महारोग्यांची वाकडी बोटं, बसलेली नाकं दुरुस्त केली. आमच्या लहानपणी चाळीत स्टोव्हचा भडका उडून भाजलेल्या बायका अशाच सर्जनांनी पुन्हा उभ्या केल्या, मान छातीला चिकटलेली सोडवली. भाजलेल्या बाईला कुणी विचारत नसे की तुला नवी कातडी कशाला हवी.

इथपर्यंत येणं मला जमलं. कॅन्सरची बाई, हो. पण ज्यांना आजार नाही त्यांचं काय, यावर मी पुढेही बराच काळ अडून होते.

गिरगावातून एक आई लेकीला घेऊन आली, लग्नाचे ब्लाउज शिवायला. मुलीला बाहेर बसवून आई हळू आवाजात म्हणाली, जरा आत चला, तिची अडचण आहे. मुलीची एक बाजू नीट वाढलेलीच नव्हती. छातीचा स्नायूच त्या बाजूला जन्मापासून नव्हता. काहींना असं असतं, डॉक्टरांकडे त्याला नाव आहे. मुलगी पदवीधर, नोकरीला. तिला कधीही कुठल्याही डॉक्टरकडे नेलेलं नव्हतं. वयात आल्यापासून ती ढगळ पंजाबी ड्रेस आणि पिन लावलेली ओढणी यात राहत होती, चौपाटीला गेली तरी पाण्यात उतरत नव्हती. मी मोहरीचं पॅड शिवून दिलं, ब्लाउज बसला. पण या मुलीला कॅन्सर नाही म्हणून हिचं ऑपरेशन चोचले, असं मला म्हणता येईना. हिचं तर गेलंही नव्हतं काही, हिला मिळालंच नव्हतं. त्या आईला मी माझ्या तोंडाने प्रथमच सांगितलं, की एकदा प्लास्टिक सर्जनना दाखवा. कापडवाल्या बाईने असं सांगावं याचं तिला नवल वाटलं.

मग माझ्याकडे येणारी एक ट्रान्स बाई. वर्षानुवर्षं ब्लाउजात स्पंज भरून जगलेली, पैसे जमवून ऑपरेशन करून घेतलं आणि पहिला ब्लाउज शिवायला आली तेव्हा आरशासमोरून हलेना. २०१९च्या कायद्याने अशा व्यक्तींच्या शस्त्रक्रियांची, समुपदेशनाची सोय सरकारने करावी असं म्हटलं आहे. कायदा जे मान्य करतो ते मी गाळ्यात बसून अमान्य करण्याला काही अर्थ नव्हता.

आणि शेवटी साधी, धडधाकट, दोन मुलांना पाजून ओघळलेली, किंवा मुळातच सपाट छातीची बाई, जिला फक्त ‘मला जरा बरं दिसायचंय’ एवढंच म्हणायचं असतं. इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. मी स्वतः करून घेणार नाही. माझ्या भाचीने विचारलं तर मी तिला दहा प्रश्न विचारीन. पण तिचं ते ‘बरं दिसणं’ हलकं आहे, असं म्हणणं मी सोडलं आहे. मुलींच्या पुढे आलेल्या दातांना आपण तारा लावतो, हजारो रुपये घालतो, ते चावता येत नाही म्हणून थोडंच? २०१८ साली चेन्नईच्या सरकारी स्टॅनली रुग्णालयात स्तनांचा आकार कमी-जास्त करायच्या शस्त्रक्रिया मोफत सुरू झाल्या तेव्हा पेपरात बरीच टीका झाली. मीही तेव्हा गाळ्यात बसून तोंडसुख घेतलं होतं, की औषधाला पैसे नाहीत आणि हे काय. आज मला तिथल्या सरकारचं म्हणणं पटतं. श्रीमंत बाईला मिळतं ते गरीब बाईने मागितलं की तेवढं मात्र अनावश्यक ठरतं, हे बरोबर नाही. आणि सरकारी रुग्णालयात झालं नाही, तर गरीब बाई कुठेतरी स्वस्तात, नको त्याच्या हातून करून घेते. तिच्या जिवाला त्यात खरा धोका.

माझं मत बदललं म्हणजे माझा या धंद्यावर विश्वास बसला असं मात्र नाही. उलट जास्त वाचल्यावर काही भीती पक्क्या झाल्या. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो या डॉक्टरांनी बसवलं. ज्या बाईला बसवलं, ती गेली होती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. इम्प्लांटचं विचारलं डॉक्टरांनी. तिथून पुढे तीस वर्षं ही वस्तू पुरेशी तपासणी न होता विकली गेली. १९९२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिलिकॉन इम्प्लांटच्या साध्या सौंदर्यासाठीच्या वापराला आवर घातला, अभ्यास झाले, २००६ साली पुन्हा परवानगी दिली. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने तर औषधी दर्जाचं नव्हे, कारखान्यातलं स्वस्त सिलिकॉन भरून लाखो बायकांच्या अंगात घातलं. २०१० साली ते उघडकीला आलं आणि मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती रोगप्रतिकारक पेशींचा एक विरळा कॅन्सर होऊ शकतो असं २०११ पासून समोर येत गेलं, आणि २०१९ साली ॲलर्गन कंपनीने त्या जातीची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. असा कॅन्सर फार थोड्यांना होतो, पण होतो.

आणि विरळा नसलेल्या गोष्टीही आहेत. इम्प्लांटभोवती शरीर एक पापुद्रा तयार करतं, तो कधीकधी आवळत जाऊन छाती दगडासारखी कडक होते, दुखते. इम्प्लांट फुटू शकतं, आणि सिलिकॉनचं फुटलेलं बाहेरून कळतही नाही. म्हणून अमेरिकेचं औषध प्रशासन सांगतं, की पाच-सहा वर्षांनी एकदा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहा. बोंडाची संवेदना कमी होऊ शकते. पुढे बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. मॅमोग्राफी करताना इम्प्लांट आहे हे आधी सांगावं लागतं, कारण चित्रं वेगळ्या पद्धतीने काढतात. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इम्प्लांट जन्मभराचं नसतं. पंचविशीत बसवलेलं पुढे कधीतरी बदलावं किंवा काढावं लागणार, हे धरूनच चालायचं. हे सगळं सही करण्याआधी समोर बसवून सांगणारा डॉक्टर तो खरा. हप्त्यांची सोय आधी सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं.

न करणाऱ्यांबद्दलही लिहिलं पाहिजे. लालबागच्या एक आजी आहेत, मसाला कुटून विकायच्या. त्यांना मी पॅडबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘नको गं, हलकं वाटतंय.’ एका बाजूला सपाट, तसाच ब्लाउज त्या घालतात, पदराची फिकीर करत नाहीत. त्यांच्यासाठी मी सपाट बाजूचा टक्स काढून टाकते, शिवण सरळ घेते, कापड कुठेही लोंबत नाही. त्यांना काही कमी पडलंय असं मला वाटत नाही. काळाचौकीच्या वहिनींना वाटत होतं. ते त्या दोघींनी आपापलं ठरवलं. मी दोघींच्या मापाचं शिवलं, आणि माझं काम तेवढंच आहे.

आता एक विनंती. घरातल्या, ओळखीतल्या कुठल्याही बाईला स्तन काढायचं ऑपरेशन सांगितलं असेल, तर तारीख ठरण्याआधी तिच्यासोबत जा आणि डॉक्टरांना विचारा की गाठ तेवढीच काढून भागेल का. भागणार नसेल तर त्याच वेळी किंवा नंतर बाजू बनवता येईल का, आणि शेक असेल तर कोणत्या पद्धतीने. तिला विचारायची लाज वाटेल, तुम्ही विचारा. करून घ्यायचं की नाही हे ती ठरवेल. पैशांची बाजू रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आणि सरकारी योजनेच्या खिडकीवर तपासून घ्या. आरोग्य विमा असेल तर एजंटने ‘प्लास्टिक सर्जरी कव्हर होत नाही’ असं सांगितलं म्हणून परत फिरू नका. पॉलिसीच्या कागदात न मिळणाऱ्या गोष्टींची यादी असते, त्यात ‘एक्सक्ल ०८’ हे कलम काढून वाचा. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या त्या कलमात सौंदर्यासाठीची आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, पण अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्यातून सोडलेली आहे.